जेवणानंतरच्या गोळ्या

काइनू, ५ ऑक्टोबर

सिल्वीताई,

चुलीतली राख काढून झाली होती. राईची लापशी मंद आचेवर शिजत होती. मी अंगणातल्या दांडीवर चिंध्यांच्या सतरंज्या टाकून झोडपत होते आणि मनात होतं की आता रानातल्या लाल लिंगनबेऱ्या निवडायला बसावं, यंदा पाला फार आलाय. रोजच्यासारखीच सकाळ. तेवढ्यात यार्कोचा शिकारी कुत्रा हुर्मा गोठ्याच्या कोपऱ्यावरून आला तो दारू प्यायल्यासारखा. पुढचे पाय एकीकडे, मागचे दुसरीकडे. मला आधी हसूच आलं. मग तो ओकला, आडवा पडला आणि त्याला झटके सुरू झाले.

मी सतरंजी त्याच्याखाली सारली, डोकं मांडीवर घेतलं. यार्को लाकडं फोडत होता, तो कुऱ्हाड टाकून धावत आला. "रीका, गाडी काढ! गाडी काढ!" सूनबाईने गाडी काढेपर्यंत कुत्र्याने माझं मनगट धरलं. जबडा आवळला तो सुटेचना, आणि तसाच तो गेला. मनगटाला टाके पडलेत, म्हणून अक्षर असं आलंय. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि असली गोष्ट मला ओरडून सांगवत नाही, म्हणून लिहिते.

यार्कोने खड्डा स्वतः खणला. मग फावडं रोवलं आणि म्हणाला, "विष घातलंय. पेर्त्तीने." पेर्त्ती म्हणजे आमच्या शेजारचा मेंढ्यावाला. उन्हाळ्यात हुर्माने त्याचं कोकरू धरलं होतं, ते भांडण तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "अरे, आधी डॉक्टरला विचारू, मग बोल."

"आई, तू मध्ये पडू नकोस."

दुकानाच्या दारात पेर्त्ती पावाची पिशवी घेऊन उभा होता. यार्कोने त्याला विचारलंसुद्धा नाही. सरपणाचं लाकूड उचललं आणि तोंडावर घातलं. खाली पडल्यावर बुटाने. दुकानदारीण सांगत होती, तिघांनी ओढला तरी सुटत नव्हता. पेर्त्तीचे पुढचे दात गेले, जबडा मोडला. पोलीस येऊन गेले. खटला होणार.

यार्कोची किएलो तेव्हापासून धड जेवत नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, सारखी संडासाकडे पळते, नाहीतर टेबलाखाली बसून राहते. हे दुखणं तिचं वर्षभराचं आहे, पण आता वाढलंय. यार्को म्हणतो, "आजीने चोरून साखर चारली असणार." ताई, अंगणापलीकडच्या त्यांच्या घरात मी साखरेचा कण नेत नाही. बाप ओलावी मधुमेहाने गेल्यापासून त्याने साखरेशी वैर धरलंय, ते मला कळतं. पण पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडावर तो संध्याकाळी वाकून वास घेतो. ते मला बघवत नाही.

तुमची,
हिल्का


तुर्कू, ९ ऑक्टोबर

हिल्का,

कुत्र्याच्या चाव्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का? लिहिलं नाहीस म्हणजे घेतलं नसणार. आधी घे, मग पुढचं वाच.

पेर्त्तीचा बापही तसलाच आतल्या गाठीचा होता. यार्कोने हात उचलायला नको होता, ते मी त्याला सांगेन. पण कुत्रा म्हणजे त्याचा जीव. आणि साखरेचं म्हणशील, तर माझ्या भावाचा पाय आधी अंगठ्यापासून, मग घोट्यापासून, मग गुडघ्यापासून कापत गेले तेव्हा पट्ट्या बदलायला तू आणि यार्को दोघंच होतात. तो वास ज्याने घेतलाय तो साखर बघून चवताळणारच. तू आई आहेस, तू समजून घ्यायचंस. सगळ्यांनी जर त्यालाच शहाणपण शिकवलं तर तो जाणार कुठे?

मुलीच्या पोटाचं मला फारसं वाटत नाही. बालवाडीतून पोरं काही ना काही घरी आणतातच. दात मात्र लखलखीत आहेत तिचे. उन्हाळ्यात मी स्वतः टॉर्च लावून पाहिले. दातांच्या दवाखान्यात जन्म काढला, इतके सुंदर दुधाचे दात माझ्या बघण्यात नाहीत. जेवण झालं की झायलिटॉलची बिनसाखरेची गोड गोळी, हा नियम तिने मोडलेला दिसत नाही. रीकाचा निरोप होता की मोठा डबाही संपला. म्हणजे सवय पक्की झाली! दुसरा डबा आजच टपालात टाकलाय.

तुझी,
सिल्वी

ता. क. पेर्त्तीचे दात कोणी उचलले का? लगेच दुधात ठेवले असते तर बसवता आले असते. पण तुमच्या गावात हे कोणाला सुचणार!


काइनू, १९ ऑक्टोबर

सिल्वीताई,

इंजेक्शन घेतलं. दात कोणी उचलले नाहीत.

मूस हरणांची शिकार सुरू झाली. कुत्र्याशिवाय गेला यार्को, आणि नेम चुकून गोळी पोटात लागली. दिवसभर सगळे दलदलीतून त्या जखमी जनावरामागे फिरले, शेवटी यार्कोने सुरीने गळा कापला. सोलून, फोडून शेडमध्ये टांगलं आणि तो तसाच माझ्या स्वयंपाकघरात आला. कोपरापर्यंत रक्त. मी किएलोला लापशी भरवत होते.

"हे काय आहे?"

"लापशी."

"वर काय आहे?"

वर चमचाभर लिंगनबेरीचा मुरंबा होता. हो, साखरेचा. अर्धा चमचा म्हणा हवं तर. पोरीला लापशी गिळवत नव्हती, म्हणून घातला तो, आयुष्यात पहिल्यांदा. त्याने वाटी खिडकीवर फेकली. मग फडताळ उघडलं आणि यंदाच्या सगळ्या बरण्या एकेक करून भिंतीवर मारल्या. "बापाला मारलंस ते पुरलं नाही का तुला? आता हिचा पाय कापायचाय?" भिंतीवरून लाल ओघळत होतं. त्याच्या हाताचं रक्त कुठलं आणि मुरंबा कुठला, मला कळेना. किएलो ओरडली नाही, रडली नाही. खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकलं आणि चघळत बसली.

दुसऱ्या दिवशी मेरवीचा फोन आला. विद्यापीठाची ती पाहणी चालू आहे ना, किएलो तिच्यात आहे. बिनसाखरेचं गोड खाणाऱ्या मुलांच्या आतड्यात कोणते जिवाणू वस्ती करतात ते बघतात. पोरीच्या शीच्या डब्या आमच्या फ्रीजरमध्ये मांसाच्या शेजारी ठेवलेल्या असतात, आणि एकदा यार्को सूपसाठी चुकीची डबी काढत होता, ते तुम्हाला सांगितलंच नव्हतं. मेरवी तिथली परिचारिका. रीकाने फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"साखरेऐवजी गोडीसाठी काही वापरता?"

"छे. आमच्याकडे असलं काही नसतं. साखरसुद्धा नसते."

"सरबत कुठलं पिते?"

"बिनसाखरेचं."

"गोड लागतं का?"

"लागतं की."

"मग ते कशाने लागतं, रीका?"

रीका सरबताची बाटली फिरवून बघायला लागली.

"दही?"

"बिनसाखरेचं."

"शनिवारचा खाऊ?"

"तोही तसलाच."

"झायलिटॉल?"

"ते हो. पण ते काय खाणं नव्हे, ते दातांसाठी."

मेरवी हसायला लागली. म्हणाली, "अख्खा देश मला हेच उत्तर देतो."

मग तिने समजावलं. झायलिटॉल सगळं अंगी लागत नाही. उरलेलं खाली मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात, वायू धरतो, पाणी सुटतं. थोडं खाल्लं तर काही बिघडत नाही, फार झालं तर पोट वाहतं. सरबतातली गोडी वेगळ्या जातीची. त्या गोडीने मोठ्या माणसांच्या आतड्यातली वस्ती थोडी बदलते असं काही ठिकाणी दिसलंय, काही ठिकाणी नाही. मुलांचं तर फार थोडं तपासलंय. "म्हणून तर डब्या गोळा करतोय आजी, कळलं असतं तर कशाला केल्या असत्या?" वाचनालयाच्या गाडीतून मी एक पुस्तक आणलं होतं, त्यातही असंच होतं. लहान मुलाचं आतडं म्हणजे नव्याने रुजणारं रान, कशाने काय उगवेल ते आजच सांगता येत नाही.

फोन झाल्यावर मी तुमचा गोळ्यांचा डबा हातात घेतला आणि चष्मा लावून मागचं सगळं वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय. कुत्र्यांना देऊ नये.

मी किएलोला वाफ घ्यायच्या सौनात नेलं, दार लावलं आणि विचारलं. तिने लगेच सांगितलं. "जेवणानंतर आम्हाला सगळ्यांना देतात ना आजी. हुर्माला कोणी देतच नाही. मग त्याचे दात किडतील." किती दिल्यास, म्हटलं. "पाकिटातल्या सगळ्या. त्याला आवडल्या."

ताई, हे तुम्हाला सांगते कारण कोणाला तरी सांगायलाच हवं. पेर्त्तीने काही केलेलं नाही. पण यार्कोला हे कळता कामा नये. पेर्त्तीचं तोंड मी दवाखान्यात जाऊन बघून आलेय. तो दणकट बाप्या माणूस आहे, म्हणून वाचला. किएलो माझ्या कमरेएवढी आहे.

पेर्त्तीचं मी बघते. तुम्ही फक्त गप्प राहा. आणि गोळ्या पाठवू नका.

हिल्का


तुर्कू, १ नोव्हेंबर

हिल्का,

तुझं पत्र वाचून मला दोन दिवस राग होता. झायलिटॉलने या देशातल्या एका पिढीचे दात वाचवलेत आणि तू त्याला उंदराचं औषध असल्यासारखं लिहितेस. कुत्र्याला चालत नाही हा कुत्र्याचा दोष.

पण आता राग नाही. यार्को काल येऊन राहिला. इथून जवळच एक बाई शिकारी कुत्रे पाळते, तिच्याकडून पिल्लू घ्यायला आला होता. आत्ताच निघाला, म्हणून बसून लिहितेय.

जेवताना त्याने पेर्त्तीचा विषय काढला. "खटला होऊ दे आत्या. आधी त्याच्या मेंढ्या, मग तो." मी म्हटलं, वेड्यासारखं बोलू नकोस. तर म्हणाला, "बंदूक गाडीतच आहे." हसत नव्हता. हिल्का, मी काय करायला हवं होतं, तूच सांग. निरपराध माणूस मरायचा आणि माझा भाचा तुरुंगात सडायचा. मी खरं ते सांगून टाकलं.

"कोण, किएलो?" म्हणाला.

"अरे, लेकरूच ते. दातांसाठी दिल्या तिने."

"दातांसाठी," म्हणाला आणि हसला. ताटातलं सगळं संपवलं, वर आणखी बटाटे घेतले. सकाळी निघताना मला मिठी मारली. त्याने मला मिठी मारली, हिल्का, ओलावीच्या दफनानंतर पहिल्यांदा! खरं सांगितलं की माणूस कसा निवतो, बघ. तू उगाच पोराला राक्षस करून ठेवलं होतंस.

पिल्लू मोठं गोड आहे. किएलोला सांग, याला मात्र काही देऊ नकोस.

सिल्वी


काइनू, ५ नोव्हेंबर

सिल्वीताई,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. यार्को शनिवारीच पोचला होता.

शनिवार म्हणून मी सौना तापवली होती. किएलोचे केस धुतले, टॉवेलात गुंडाळून त्यांच्या स्वयंपाकघरात आणली. पिल्लू पेटीत कुंईकुंई करत होतं. तिला वाटलं, बाबांनी आपल्यासाठीच आणलं. धावली. त्याने तिला दंडाला धरून उचललं आणि टेबलावर बसवलं. तुम्ही पाठवलेला नवा डबा उघडला.

"जेवणानंतर देतात ना?" म्हणाला. आवाज अगदी शांत. "हुर्माला दिल्यास ना? मग आता तू खा."

एक मूठ. मग दुसरी. ती भराभर चावत होती, एवढ्यावर भागेल असं तिला वाटलं असणार. मी म्हटलं, "यार्को, सोड तिला." त्याने मला कोपराने ढकललं, मी चुलीवर आदळले. रीका तोंडावर हात धरून भिंतीला टेकली होती. तिसऱ्या मुठीला पोरीने तोंड मिटलं. त्याने गाल दाबून जबडा उघडला आणि कोंबल्या. ती त्याच्या हातावर ओकली. तेव्हा त्याने तिचा हात पाठीमागे पिरगळला आणि मी हाड मोडल्याचं ऐकलं.

चुलीपाशी लोखंडी सळई असते. ती मी उचलली आणि माझ्या मुलाच्या पाठीत घातली. तो वळला. मग मानेवर घातली. तो गुडघ्यांवर आला. पुन्हा उठला असता तर पुन्हा घातली असती, कुठे लागेल ते बघितलं नसतं. तेव्हा कुठे रीका भानावर आली आणि पोरीला उचलून गाडीकडे धावली.

कायानीच्या दवाखान्यात कोपराचं ऑपरेशन झालं. पोट असं वाहत होतं की अंगात पाणी उरलं नव्हतं, बाटल्यांवर बाटल्या लावल्या. आता ताप आहे. तो उतरला की घरी सोडतील.

रीकाने डॉक्टरणीला सांगितलं, "सौनाच्या फळीवरून पडली. गोळ्या तिने चोरून खाल्ल्या." डॉक्टरीण माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, तुम्ही होतात तिथे?" रीकाने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी म्हटलं, मला पाणी प्यायचंय, आणि बाहेर निघून आले.

तुम्हाला दोष देत नाही, असं लिहायला घेतलं होतं. पण देते. खोटं कशाला लिहू?

हिल्का


तुर्कू, ९ नोव्हेंबर

हिल्का,

चार कागद फाडले. मला जे बोलायचंय ते बोल, मी ऐकून घेईन. तेवढं माझं चुकलंच आहे.

पण आता माझं ऐक. यार्कोने इथल्या माझ्या शेजारणीच्या फोनवर निरोप ठेवला, ती मला मोठ्याने वाचून दाखवत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो रडतोय. पिल्लू परत देणार म्हणतो. बंदूक शिकारी मंडळाच्या कपाटात ठेवून आला म्हणतो. पाठ काळीनिळी झालीय, आडवं पडता येत नाही. पुन्हा बोट लावणार नाही, अशी शपथ घेतलीय त्याने.

तू आता डॉक्टरणीकडे किंवा आणखी कुठे जाशील याची मला धास्ती आहे. तुझा स्वभाव मला माहीत आहे. अगं, एकदा का तोंड उघडलंस की पोरीला परक्यांच्या घरी नेऊन ठेवतील. रीकाचे हाल होतील. पेर्त्तीच्या खटल्यात हेही जोडलं की यार्को कित्येक वर्षं आत. ओलावी काय म्हणाला असता? पोटच्या पोराविरुद्ध कोणती आई बोलते?

मी तिकडे येते. तुझ्याकडे राहीन, दोघी मिळून पोरीवर नजर ठेवू. गोळ्यांचे सगळे डबे मी फेकून दिले. सरबतसुद्धा साधं देऊ, साखरेचं दिलंस तरी मी काही म्हणणार नाही. आपण घरातलं घरात मिटवू. तुझ्या पाया पडते.

सिल्वी


काइनू, १६ नोव्हेंबर

सिल्वीताई,

तुमचं पत्र गुरुवारी दुपारी मिळालं. मी तेव्हाच कायानीहून परतले होते, कोटसुद्धा काढला नव्हता. उभ्यानेच वाचलं.

त्या सकाळी मी किएलोपाशी बसले होते. ताप उतरला होता. पोट सपाट, दोन दिवस एकदाही पळाली नव्हती. वाटीभर लापशी खाल्ली. मला वाटलं, आता कळलं, गोळ्यांचंच होतं सगळं. मेरवी पोरीला बघायला आली होती, तिला मी तसं म्हटलं. तिने मान हलवली. "एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, आजी. इथे तिचं खाणं बदललं, पाणी बदललं, औषधं चालू आहेत. आणि भीतीनेसुद्धा आतडं ढवळून निघतं. डबीत ते वेगळं काढता येत नाही."

ती गेल्यावर किएलो म्हणाली, "आजी, मला इथे गोळ्या लागतच नाहीत."

"इथे जेवणानंतर देत नाहीत का?"

"देतात की एक. तेवढीच. इथे कोणी ओरडत नाही."

मला नीट कळलं नाही. म्हटलं, सांग बरं मला. तिने सांगितलं, जसं आपण खेळाचे नियम सांगतो तसं. बाबा ओरडले की एक. दार आपटलं की दोन. आईला मारलं की मूठभर, कारण ते फार वेळ चालतं. गोळी थंडगार लागते, मग कानात आवाज कमी येतो.

मी विचारलं, "आणि हुर्मा?"

"बाबांनी त्याला बुटाने मारलं होतं. खूप वेळा. तो कळवळत गोठ्यामागे लपला. म्हणून मी त्याला सगळ्या दिल्या."

"मग दातांसाठी म्हणालीस ते?"

"ते तुला सांगायला होतं. नाहीतर तू बाबांना बोलली असतीस आणि मग बाबांनी तुला मारलं असतं."

ताई, वर्षभर आपण सगळे त्या पोटात काय जातंय ते शोधत होतो. यार्को साखर शोधत होता, तुम्ही दात बघत होतात, मी पुस्तकं वाचत होते. त्या डब्यांतून विद्यापीठाला जे सापडायचं ते सापडो, मला त्याची उत्सुकता आहे आणि मी वाचेनही. पण तिला डबाभर गोळ्या का लागल्या, हे आम्ही कोणीच तिला विचारलं नव्हतं.

निघताना परिचारिकेने सांगितलं, सोमवारी घरी सोडणार. वडील न्यायला येणार आहेत, तसा त्यांचा फोन आला होता. किएलोने ते ऐकलं. पलंगाशेजारच्या टेबलावर जेवणानंतरची गोळी पडून होती, ती तिने उचलून उशीखाली ठेवली.

तुम्ही विचारलंत, ओलावी काय म्हणाला असता. तो म्हणाला असता, गप्प बस हिल्का. त्याला भांडण सोसायचं नाही. मी त्याच्यासाठी अजून रोज दोन कप कॉफी करते आणि एक ओतून देते. पण तो मेलेला आहे आणि किएलो जिवंत आहे. यार्कोही माझ्याच पोटचा आहे, हे तुम्ही मला लिहून कळवायला नको होतं. त्याच्या पाठीवर सळईचे वळ उठलेत, ते मला डोळे मिटले की दिसतात. त्याच्या शपथेवर मला विश्वास ठेवायचा होता. मी तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग रीकाकडे गेले आणि तिला म्हटलं, "तू माझ्याबरोबर चल." ती म्हणाली, "सासूबाई, मला नाही जमणार, तुम्ही जा." एवढं म्हणून तिने दाराला आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी पहिल्या बसने कायानीला गेले, पोलीस ठाण्यात बसले आणि माझ्या मुलाने माझ्या नातीला काय केलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.

हिल्का